शेजारचं चाक

तळहाताला धक्का बसला तेव्हा गौतमी ढोके खिडकीबाहेर बघत होती. जयपूरच्या झालाना जंगलाला लागून असलेल्या प्रयोगशाळेच्या कुंपणावर मोर येऊन बसला होता आणि बिबट्या पाहायला निघालेली पर्यटकांची जिप्सी फाटकासमोरच बंद पडली होती. सकाळी आल्याबरोबर यंत्राच्या चौकटीवर उजवा हात ठेवायचा ही तिची सवय. सेन्सर होते, पडद्यावर सरकणारी हिरवी रेघ होती, तरीही. चौकटीत दोन चाकं एकमेकांवर दाबून फिरत होती. वरचं रुळाच्या पोलादाचं, खालचं मऊ पोलादाचं. तळहाताला जाणवायची ती एकसारखी थरथर, झोपलेल्या मांजराच्या पोटाची असते तशी. कित्येक आठवडे तशीच. आज त्या थरथरीत काहीतरी अडलं. अगदी बारीक. जेवताना दाताखाली खडा यावा तसं. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा अडलं. मग ठरावीक अंतरानं पुन्हा. हिरवी रेघ अजून सरळच होती. पडद्याला कळायच्या आधी आपल्या हाताला कळलं, या विचारानं तिच्या मानेवर काटा आला आणि पाठोपाठ छातीत अशी काही उकळी फुटली की तिनं भिंतीचा आधार घेतला. तुटायला लागलं. मी म्हटलं होतं तेव्हाच. या आठवड्यात तुटेल म्हटलं होतं, आणि याच आठवड्यात.

तिनं यंत्र थांबवलं. भिंग लावून तिनं मऊ चाकाचा पृष्ठभाग पाहिला. नखाच्या कडेएवढी एक खपली सुटली होती, आणि तिच्या आजूबाजूला तिरक्या भेगा, पायरीवर पायरी असाव्यात तशा. सुंदर. हा शब्द आपल्या मनात आला हे तिला कळलं आणि तो तिनं काढून टाकला नाही. गेली तीन वर्षं तिनं या एकाच गोष्टीचा पाठलाग केला होता. फिरणारं चाक थकतं कसं? कडक पोलादाचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची सूत्रं होती, आलेख होते, बेअरिंग बनवणारे डोळे मिटून ती वापरत. कडक पोलाद दाबलं की दबतं आणि सोडलं की होतं तसं परत येतं. मऊ पोलाद पूर्ण परत येत नाही. प्रत्येक फेरीला त्याची कातडी केसाच्याही हजाराव्या भागाएवढी पुढं सरकते आणि तिथंच राहते. पुढच्या फेरीला आणखी. तिनं अशी चाकं कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. आतले कण वाऱ्यानं निजवलेल्या पिकासारखे एका दिशेला कलंडलेले. पृष्ठभागाजवळ तर पार आडवे. कडक पोलादाचं सूत्र इथं लावलं की आयुष्य भलतंच जास्त निघतं. म्हणून तिनं हिशेबाचा पायाच बदलला. चाकावर वजन किती आहे हे विचारण्याऐवजी तिनं विचारलं, एका फेरीत किती सरकतं, आणि एकूण किती सरकणं ते सहन करील. प्रश्न बदलला त्या दिवशी ती अशीच भिंतीला टेकून उभी राहिली होती.

"मला दाखवा," डॉ. सतीश आठल्ये म्हणाले. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. विमा कंपनीतल्या वडिलांची बदली झाली म्हणून जयपूरच्याच आदर्श नगरात वाढलेले, त्यामुळे त्यांचं मराठी अडखळत यायचं. पण गौतमीशी ते हट्टानं मराठीच बोलायचे. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "आहे. मतलब, क्रॅक आहे. स्पष्ट आहे. अभिनंदन, गौतमीजी."

"सर, भंडारींची क्रेन थांबवायला हवी."

ते सरळ झाले. "आज?"

"आत्ता."

अजमेर रोडवर शहराबाहेर भंडारींचं दगडाचं यार्ड होतं. मकराण्याकडून, किशनगडकडून संगमरवराचे ठोकळे यायचे, खोलीएवढे, आणि दोन रुळांवरून चालणारी एक उंच क्रेन ते उचलून इकडून तिकडे ठेवायची. वर्षभरापूर्वी तिची चाकं बदलली तेव्हा भंडारींनी जवळच्याच एका कारखान्यातून साध्या पोलादाची करून घेतली, कडक न केलेली. चार पायांखाली दोन-दोन, आठही मऊ. नंतर त्यांना शंका आली, आणि त्यांनी प्रयोगशाळेला विचारलं, किती चालतील? नेहमीच्या सूत्रानं उत्तर आलं होतं, पुष्कळ. गौतमीनं वेगळं उत्तर दिलं होतं. त्या चाकांच्याच ओतीव पोलादातून तिनं यंत्रातलं हे छोटं चाक करून घेतलं होतं, आणि यार्डातल्या चाकापेक्षा थोडंच पुढं राहील अशा बेतानं पळवलं होतं. यंत्रातलं चाक तुटायला लागेल तेव्हा यार्डातलं फार मागे नसेल.

"हे बघा," आठल्ये म्हणाले, "एक नमुना म्हणजे काहीच नाही. दुसरा लावूया. तिसरा लावूया. मग सांगूया. एका नमुन्यावर क्रेन थांबवायची?"

"वर केबिनमध्येही एकच माणूस असतो, सर."

हे ती बोलून गेली आणि तिचं तिलाच ते आवडलं नाही. कारण ते खरं कारण नव्हतं. म्हणजे खरं होतं, पण पहिलं नव्हतं. पहिलं कारण हे होतं, की तिला ते चाक पाहायचं होतं. खरं, मोठं, वजन वाहून थकलेलं. आठल्ये खिडकीकडे वळले. जिप्सी ढकलून चालू करत होते, पर्यटक हसत होते. "जा," ते शेवटी म्हणाले. "मी भंडारींना फोन करतो. पण गौतमीजी, तिथं काही नाही निघालं तर? तुम्ही तयारी ठेवा. मतलब, मनाची."

मनाची तयारी नव्हती. भेगा दाखवणाऱ्या लाल रंगाचे आणि पांढऱ्या पावडरीचे फवारे पिशवीत टाकून ती स्कूटरवर बसली तेव्हा तिचं मन आधीच यार्डात जाऊन वाकून उभं होतं. होळी होऊन गेली होती, टोंक रोडच्या दुभाजकावर गुलाबी डाग अजून होते, ऊन चटका देण्याच्या जरा अलीकडचं. हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं बोलत होती. कोपऱ्यावरचं, दरवाज्याच्या बाजूचं. सगळ्यात मऊ तेच. आठही चाकांचा कठीणपणा तिनं स्वतः जाऊन मोजला होता, कोपऱ्यावरचं एक बाकीच्यांपेक्षा बरंच नरम निघालं होतं, भट्टीतल्या दुसऱ्याच घाण्याचं असावं. त्याच्यावर लाल रंग मारायचा, पुसायचा, पावडर मारायची आणि थांबायचं. पांढऱ्यावर लाल रेघा उमटतील. आपण सांगितल्या तशा, तिरक्या. तिला हसू येत होतं. शेजारच्या रिक्षावाल्यानं सिग्नलला तिच्याकडे वळून पाहिलं. आणि मग, सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच्या त्या जराशा रिकाम्या वेळात तिला दिसलं, की आपण प्रार्थना करतो आहोत. तुटलेलं असू दे. माणूस ज्याच्यावर बसतो ते चाक तुटलेलं असू दे, अशी प्रार्थना. हातात घाम आला. पण उकळी काही बसली नाही. ती तशीच, घामासकट, वर येत राहिली.

लहानपणी रेल्वे कॉलनीत रुळाकडच्या खोलीत ती झोपायची. बाबा गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून ते रात्र रात्र जायचे, आणि त्या वेळी ती गाद्यांवर पडून दुसऱ्या गाड्या ऐकायची. एखाद्या डब्याचं चाक सपाट झालेलं असलं की ते सगळ्या आवाजातून वेगळं वाजायचं. थाड, थाड, थाड. आई म्हणायची, झोप, गाडीच आहे. बाबा घरी असताना तिनं विचारलं होतं, "बाबा, चाक किती दिवस चालते?" आणि बाबांनी पेपरमधून डोकं न काढता सांगितलं होतं, "तुटत नाही तवरिक." ते काही विनोद करत नव्हते. वर्ध्याकडचा तो माणूस प्रश्नाला उत्तर देत होता, इतकंच. पण तिला त्या उत्तराचा राग आला होता. तुटल्यावर कळण्यात काय कळणं आहे? पुढे शाळेत, कॉलेजात, कुणी धातूबद्दल काही सांगायला लागलं की तिला तो राग आठवायचा, आणि तो तिला फार उपयोगी पडला. बदल्यांमागून बदल्या झाल्या. भुसावळ, रतलाम, कोटा, जयपूर. वरिष्ठांनी विचारलं की बाबा हो म्हणायचे. नाही म्हणणं त्यांच्यात नव्हतंच. कुणाशी भांडण नाही, आवाज चढवणं नाही, सगळे म्हणायचे, उत्तमराव म्हणजे देवमाणूस. सामान बांधायची आई, नव्या शाळांच्या ऑफिसात तासन्‌तास उभी राहायची आई, तोडक्या हिंदीत दूधवाल्याशी भांडायची आई.

सोडाल्याच्या चौकात बाबाच उभे दिसले. तिला आधी खरं वाटेना. रस्ता ओलांडायला कडेला थांबलेले, हातात औषधाची पिशवी, डोक्यावर निवृत्तीनंतर रोज घालायला लागलेली पांढरी टोपी. गाड्या जात होत्या आणि ते प्रत्येकीला जाऊ देत होते. फट पडली की पाऊल पुढं टाकायचे, लांबून कुणी येताना दिसलं की मागे घ्यायचे. तिनं स्कूटर कडेला घेतली.

"बाबा! किती वेळचे उभे आहात तुम्ही?"

"अवं, तू इकडं कशी काय?" ते खूश झाले. "तुह्या मायचे गुडघे पुन्हा धरले नं. दवाई घ्याले आलतो."

"मग रस्ता काऊन नाही ओलांडून राहिले?"

"गाड्या येऊन राहिल्या ना. जाऊ दे त्यायले. त्यायले घाई हाय, मले कायची घाई?"

"आई तिकडं वाट पाहत असेल."

"हाव, ते तर हायच." हे त्यांनी असं म्हटलं की जणू आईचं वाट पाहणं ही हवेसारखीच एक गोष्ट आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "काय झालं? चेहरा असा लाल काऊन?"

"बाबा, माझं चाक तुटायला लागलं. मी सांगितलं होतं तेव्हाच."

"अरे वा," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "चांगलं झालं नं हे?"

तिनं हात वर करून गाड्या थांबवल्या, बाबांचा दंड धरला आणि त्यांना पलीकडे नेलं. एक बाईकवाला ओरडला, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पलीकडे पोचल्यावर ते म्हणाले, "जेवून जा म्हटलं असतं, पण तू थांबणार नाहीस." आणि खरंच ती थांबली नाही.

यार्डाच्या फाटकातून आत शिरताना क्रेन चालू होती. आठल्यांचा फोन येऊन गेला होता, पण भंडारींनी थांबवली नव्हती. हिरव्या शिरा असलेला एक भला मोठा पांढरा ठोकळा साखळ्यांना लटकून सावकाश सरकत होता आणि खाली पाच-सहा मजूर मान वर करून त्याच्याबरोबर चालत होते. गौतमीनं स्कूटर स्टँडवर न लावताच सोडली, ती आडवी झाली. ती रुळाकडे धावली. चाकं तिच्या कमरेएवढी उंच. समोरून गेली. रुळावर धूळ, चाकाच्या वाटेपुरतं आरशासारखं चकचकीत पोलाद. तिनं दोन्ही हात हलवले. वर केबिनच्या काचेआड एक मिशाळ चेहरा वाकला, तिच्याकडे पाहत राहिला, आणि ठोकळा हळूहळू खाली उतरून जमिनीवर टेकला. मजुरांनी साखळ्या सोडल्या.

"मॅडम, आप कहतीं तो हम शाम को रोक देते," भंडारी ऑफिसमधून येत म्हणाले. पन्नाशीचा, नीटनेटका, कपाळावर केशराचा ठिपका असलेला माणूस. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पाहुणा अवेळी आल्यासारखा होता. "दो ट्रक खड़े हैं. कितनी देर?"

"जितनी देर पहिया देखने में लगे."

"देखिए. देखने से किसने मना किया है."

कोपऱ्यावरचं चाक. ती गुडघ्यांवर बसली, रुळाची खडी गुडघ्यांना रुतली. फडक्यानं तेल पुसलं, लाल रंग फवारला. रंग सगळीकडे पसरला, बोटांवर, सलवारीवर. थांबायचं. ही थांबण्याची वेळ तिला सगळ्यात प्रिय होती, लाल रंग आत मुरत असतो ती वेळ, जेव्हा आहे आणि नाही दोन्ही खरं असतं. मग तिनं रंग पुसला आणि पांढरी पावडर मारली. चाक एखाद्या पूजेच्या वस्तूसारखं पांढरंशुभ्र दिसायला लागलं. भंडारी तिच्यामागे हात बांधून उभे. मजूर जवळ आले.

पांढरं पांढरंच राहिलं.

तिनं खूण केली, वरच्या माणसानं रिकामी क्रेन हातभर पुढं घेतली, चाकाचा खालचा भाग वर आला. पुन्हा रंग, पुन्हा पुसणं, पुन्हा पावडर. एक रेघ नाही. ठिपका नाही. गुळगुळीत, निरोगी, झोपेतून उठलेल्या मुलाच्या गालासारखं चाक. चाक धड आहे, माणूस सुखरूप आहे, आणि आपल्याला रडू येतं आहे. आपण कशा प्रकारच्या बाई आहोत? तीन वर्षं. तो सरकण्याचा हिशेब, ती निजलेली पिकं, भिंतीला टेकून घालवलेली ती सगळी आनंदाची क्षुल्लक मिनिटं. आठल्यांचा चेहरा आठवला, मनाची तयारी ठेवा. ती तशीच बसून राहिली.

"तो चालू करें?" भंडारींनी विचारलं. अगदी सौम्यपणे.

"एक मिनिट."

हे तिनं का म्हटलं ते तिला माहीत नव्हतं. फक्त उठायचं नव्हतं. पुसायला म्हणून तिनं चाकावरून हात फिरवला आणि बोट कडेला अडकलं. चाकाच्या कडेला पोलादाचा एक बारीक ओठ बाहेर आलेला होता. पोळी लाटताना पिठाची कड बाहेर येते तसा. तिनं बोट सबंध कडेवरून फिरवलं. सगळीकडे ओठ. म्हणजे हे चाक सरकलं तर होतंच. तिनं मांडलं होतं त्याहून जास्त सरकलं होतं. पण पुढं न सरकता बाजूला पसरलं होतं. पसरून सपाट झालं, रुंद झालं, आणि थोडं लहान झालं. केसभर लहान. केसभर लहान झालेलं चाक रुळावर टेकतं, पण दबत नाही. मग याच्या वाट्याचं वजन?

ती ताडकन उठली. एवढ्या जोरात की भंडारी मागे सरले.

वजन कुठंतरी जाणारच. वजन नाहीसं होत नाही. नरम माणूस, देवमाणूस, सगळ्यांना वाट देत कडेला उभा राहतो आणि धड राहतो, आणि घरी कुणाचे तरी गुडघे. हा विचार तिच्या डोक्यातून इतक्या वेगानं गेला की तिला तो धरता आला नाही, धरायचाही नव्हता. तिचे पाय आधीच दोन पावलं पुढं गेले होते. त्याच कोपऱ्यावरचं आतलं चाक. शेजारचं. याच्यापेक्षा थोडं कडक, म्हणून तिनं त्याला हिशेबात सुरक्षित धरलं होतं. प्रत्येक चाक तिनं एकेकटं धरलं होतं! जणू कुणी कुणाच्या शेजारी राहतच नाही. "भैया, ज़रा आगे!" ती वर पाहून ओरडली. "और! और थोड़ा! बस!" लाल रंगाच्या डबीचं झाकण निघेना, तिनं दातांनी ओढलं.

या वेळी पावडर वाळायच्या आधीच दिसलं. वरच्या बाजूला नखाएवढा खड्डा, खपली पडून गेलेली. त्याच्याभोवती तिरक्या रेघा, एकीपाठोपाठ एक, पांढऱ्यातून लाल उमलत येणाऱ्या. तिनं कागदावर शंभरदा काढल्या होत्या त्याच कोनातल्या. आणि त्यातली एक रेघ, एकटीच, बाकीच्यांना सोडून चाकाच्या आतल्या काठाकडे निघाली होती. चाकाला रुळावर धरून ठेवतो त्या उंच काठाकडे. तो काठ सुटला असता तर क्रेनचा हा पाय रुळावरून उतरला असता. तिच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. हसणं होतं ते. ते थांबेना. मजूर एकमेकांकडे पाहायला लागले.

भंडारी वाकले. बराच वेळ वाकून राहिले, आणि उठले तेव्हा कपाळावरचा केशराचा ठिपका घामानं ओघळला होता. "आपने तो वो वाला बताया था," ते म्हणाले.

"हाँ जी."

"मतलब आप गलत थीं."

"बिलकुल गलत थी!" ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला इतका आनंद होत होता की तिला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. वेळ बरोबर, चाक चुकलं. मऊ चाक लवकर मरत नाही, ते पसरून जगतं आणि शेजाऱ्याला मारतं. आठही चाकं मिळून एक हिशेब आहे. सगळं पुन्हा मांडायला हवं, मुळापासून, आणि त्या विचारानं तिला नव्यानं उकळी फुटली, सकाळच्यापेक्षा मोठी.

भंडारींनी ट्रकवाल्यांना हात हलवून जायला सांगितलं आणि फोन लावत सावलीकडे गेले. "नहीं, आज नहीं उठेगा," ते कुणाला तरी सांगत होते. "कल भी नहीं. आदमी ऊपर बैठता है, भाई."

वरचा माणूस शिडीवरून उतरून आला होता. रामफूल त्याचं नाव, मजूर त्याला उस्ताद म्हणत. पन्नाशीच्या पुढचा, लांब हातांचा. तिचे लाल हात पाहून तो म्हणाला, "मॅडम, होली तो हो गई." मग त्यानं चाकाकडे पाहिलं. गौतमीचं हसू विरलं. आता हा विचारील, किती दिवस होते माझ्या हातात? आणि तिला सांगावं लागेल, माहीत नाही, कदाचित आठवडा, कदाचित पुढचाच ठोकळा. तिला वाटलं आपला आनंद आता याच्यापासून लपवायला हवा, आणि तो कुठं लपवावा ते कळेना.

रामफूलनं अंगठा खड्ड्यात घातला. "ये घूमने पर आवाज़ करेगा?" त्यानं विचारलं.

"हाँ. हर चक्कर में एक बार. बहुत हल्की."

"टक्?"

"हाँ, टक्."

"ऊपर तक आएगी?"

"लोहे से होकर आ सकती है. क्यों?"

त्याचा चेहरा हळूहळू उघडायला लागला, मिशीपासून वर, कपाळापर्यंत. "मॅडमजी," तो म्हणाला, "मैं तो समझा मेरे कान गए." होळीच्या आधीपासून त्याला ते ऐकू यायचं. टक्, टक्. कुणाला सांगावं तर बाकी कुणाला ऐकू येत नव्हतं. बापाचे कान असेच गेले होते, आधी टकटक, मग सगळं बंद. डॉक्टरनं तपासून थेंब दिले होते, रोज टाकत होता. घरात बायकोला सांगून ठेवलं होतं, की क्रेन आता जास्त दिवस नाही चालवणार मी. "मतलब मेरे कान ठीक हैं?"

"आपके कान तो," गौतमी म्हणाली, "आपके कान तो मेरी मशीन से अच्छे हैं."

त्यानं मोबाइल काढला, लाल अंगठ्यानं नंबर दाबला आणि यार्डभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "सुणै छै के? म्हारा कान ठीक छै! अरे, पहियो छो, पहियो!" पलीकडून बायकोचं काहीतरी रागीट, घाबरलेलं, मग हसणारं बोलणं ऐकू आलं. मजूर हसायला लागले. तोही हसत होता, फुटलेल्या चाकाला एका हातानं धरून, आणि गौतमीही, आणि दोघांपैकी कुणालाच त्या हसण्याची लाज वाटत नव्हती.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "उस्ताद, आवाज़ कैसी थी? शुरू में कैसी थी, और बाद में?"

"बताऊँ?" तो रुळावर उकिडवा बसला. खिशातून किल्ली काढली, डोळे मिटले, आणि रुळावर वाजवायला लागला. आधी लांब लांब, दबकत. मग जरा स्पष्ट. मग तिला अपेक्षित नव्हतं असं काहीतरी, एका टकच्या मागे चिकटून दुसरी, हलकी. एका खड्ड्याची तर फेरीला एकच टक यायला हवी होती. ती त्याच्या शेजारी खडीतच बसली, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि कान रुळाजवळ नेला. "ठहरिए," ती म्हणाली. "वो दूसरी वाली. वो फिर से बजाइए."